गाडी फसनी का भो?

जळगावच्या आकाशवाणी चौकात गर्दीत अडकलेल्या एखाद्या थारच्या टपावर हल्ली दोन नारिंगी फळ्या बांधलेल्या दिसतात. पावणेचार फूट लांब, फूटभर रुंद, अंगभर भोकं आणि दोन्ही बाजूंना दाते. शेजारी थांबलेल्या रिक्षातले लोक मान वर करून अंदाज बांधतात. कुणाला ते कूलरचं काहीतरी वाटतं, कुणाला जखमी माणसाला झोपवायचं स्ट्रेचर. एका पानवाल्याने मात्र क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "इस्टाईल शे." माझ्या माहितीतल्या निम्म्या गाड्यांच्या बाबतीत त्याचं उत्तर बरोबर आहे.

काम तसं साधं आहे. गाडी चिखलात किंवा वाळूत रुतली की चाकासमोरची माती उकरायची आणि फळी चाकाच्या पोटात सरकवायची. खालचे दाते जमीन धरतात, वरचे दाते टायरची नक्षी धरतात, आणि गाडी हलक्या पायाने फळीवर चढून बाहेर येते. या प्लास्टिकच्या फळ्यांचा आजचा अवतार 2005 साली ऑस्ट्रेलियात जन्मला. मॅक्सट्रॅक्स हे त्याचं नाव, आणि तिकडच्या वाळवंटात फिरणाऱ्यांत त्याला मोठा मान. किंमतही मानाला साजेशी.

धुळ्याच्या आमच्या शालकाने जुनी फोर बाय फोर गाडी घेतली, तेव्हापासून हा विषय आमच्या घरात आला. गाडी शेतात जायला घेतली, असं त्याने घरी सांगितलं होतं. शेत शिंदखेड्याच्या अंगाला, तापीकडे उतरत जाणारं. त्या शेतात आजवर घरातलं प्रत्येक माणूस मोटरसायकलवर जात होतं, त्याआधी बैलगाडीने, आणि कुणाचंही काही अडलेलं नव्हतं. पण गाडी आली तसा तिचा संसारही यायला लागला. आधी टपावर लोखंडी जाळी बसली, मग पुढे दिवे आले, मग 'पाट्या पाहिजेत' असं सुरू झालं. अस्सल आयात जोडीची किंमत ऐकून माझ्या सासूबाईंनी शांतपणे हिशेब मांडला: तेवढ्या पैशांत चांगल्या तीन-चार शेळ्या येतात. शालक म्हणाला, शेळ्या गाडी ओढत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "त्या फसतबी नही."

तेव्हा ठरलं की स्वस्तात काहीतरी जमवायचं, आणि जळगावचा माणूस म्हणून शोधाची अर्धी जबाबदारी माझ्याकडे आली.

या कामात मला कमीपणा वाटला नाही, त्याचं कारण इतिहासात आहे. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी 1920 नंतरच्या दशकात इजिप्तमध्ये नेमणुकीवर होता. सुट्टी मिळाली की हा गृहस्थ मित्रांना घेऊन फोर्डच्या साध्या मोटारी लिबियाच्या वाळवंटात घालायचा. मोटारी अर्थातच रुतायच्या. उपाय त्याला कैरोच्या एका भंगारवाल्याकडे सापडला: पहिल्या महायुद्धात खंदकांवर छत म्हणून घालायला केलेल्या पोलादी पन्हाळ्या. त्या चाकाखाली घातल्या की मोटार निघायची. पुढे 1940 मध्ये दुसऱ्या महायुद्धात त्याने वाळवंटात शत्रूच्या पिछाडीला फिरणारी तुकडी उभी केली, तेव्हा तिच्या ट्रकांवरही असल्याच पन्हाळ्या लटकत होत्या. मधल्या काळात त्याने वाळूवर इतका विचार केला, की 1941 साली वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर त्याचा ग्रंथ आला, आणि तो आजही शास्त्रज्ञ वाचतात. मोटार रुतल्यावर आपल्याकडे शिव्या सुचतात, त्याला शास्त्र सुचलं.

त्याच 1941 साली अमेरिकेने चिखलावर तात्पुरती विमानपट्टी अंथरण्यासाठी भोकं पाडलेले पोलादी पत्रे काढले. एक पत्रा दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद, वजन तीस किलो. एकमेकांत अडकवत गेलं की काही दिवसांत विमान उतरायचं. युद्ध संपल्यावर हे पत्रे जगभर भंगारात गेले आणि कुठे कुंपण, कुठे साकव, कुठे ट्रकच्या चाकाखालची फळी झाले. म्हणजे टपावरच्या त्या नारिंगी वस्तूचे आजोबा आणि पणजोबा दोघेही भंगाराच्या दुकानातले. घराणं असं असेल तर आपण अजिंठा चौफुलीच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे गेलो, यात चूक काय?

तिथे मात्र निराशा झाली. पोलादी पन्हाळी मिळते, पण ती वजनावर मिळते, आणि वजन असं की टपावर चढवायला दोन माणसं कायमची बरोबर घ्यावी लागतील. तेवढी माणसं बरोबर असली तर पन्हाळीची गरज नाही, ती माणसंच गाडी ढकलतील. हा पेच मी भंगारवाल्यापुढे मांडला. त्याने तो ऐकून घेतला आणि मला एक जुना जिना दाखवला.

मग प्लास्टिक. जळगावात राहून प्लास्टिकची एक फळी मिळू नये, हे मनाला पटत नव्हतं. या गावाने देशाला पाइप पुरवला. 1963 साली रॉकेल विकण्यापासून सुरुवात केलेल्या भवरलाल जैनांनी पुढे पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या नळ्या शेताशेतात नेल्या. प्लास्टिकच्या चटया तर इथल्या एमआयडीसीत इतक्या विणल्या जातात की देशातल्या कुठल्याही लग्नातली पंगत आमच्या चटईवर बसलेली असू शकते. पाइप, चटई, बादली, केळीचा क्रेट, सगळं होतं. मग चाकाखालची फळी का नको?

ओळखीने एका कारखानदाराकडे गेलो. इंजेक्शन मोल्डिंगची मशीन ठकठक उघडत-मिटत होती आणि दर वेळी पोटातून एक निळा टोपला बाहेर टाकत होती. त्यांनी फोनवरचा फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. फळीच्या कडा पाहिल्या, दाते मोजल्यासारखे केले. मग म्हणाले, "बादलीचा माल इथे चालायचा नाही. वाकलं पाहिजे पण तुटायला नको, आणि चाक जागेवर फिरलं तर दाते वितळायला नकोत. नायलॉन लागेल, काचेचा धागा टाकलेलं." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर, पोरीसाठी आलेलं चांगलं स्थळ पाहणाऱ्या बापाची कळा आली होती. नंतर त्यांनी मूळ प्रश्न विचारला.

"नग किती लागतील?"

"दोन."

मशीनने तेवढ्यात आणखी एक टोपला टाकला. तो त्यांनी उचलून कडेचं जादा प्लास्टिक ब्लेडने साफ केलं, थप्पीवर ठेवला आणि मला समजावून सांगितलं. अशा वस्तूत प्लास्टिकची किंमत थोडी असते, खरी किंमत पोलादी साच्याची. साचा लाखांत जातो. पाच हजार नग काढले तर तो खर्च नगामागे विरून जातो, दोन काढले तर दोघांच्याच डोक्यावर बसतो. "तुम्ही पाच हजार गिऱ्हाईक आणा," ते म्हणाले, "साचा मी काढतो. अमळनेरात 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची विप्रो झाली. आपली फळी का नाही होणार?" त्यांचा चहा घेऊन मी बाहेर पडलो. खान्देशात पाच हजार माणसं गाडी रुतवायला तयार आहेत यात मला शंका नाही. ती बाहेर काढायला आधीच पैसे भरतील का, एवढाच प्रश्न होता.

तिकडे धुळ्यात शालकाचाही शोध चालू होता. त्याने पहिल्यांदा सेंट्रिंगच्या प्लेटा आणल्या, त्या स्लॅबखाली लावतात त्या, तीन फूट बाय दोन फूट. या भाड्यानेही मिळतात. पण पत्रा गुळगुळीत, त्यावर ओला चिखल, त्यावर टायर. चाक फिरलं की प्लेट मागे सुटते, आणि मागे कोण उभं आहे हे ती पाहत नाही. अवधानच्या एमआयडीसीजवळच्या एका फॅब्रिकेटरने त्यावर सळ्यांचे तुकडे वेल्ड करून द्यायची तयारी दाखवली आणि वर स्वतःच सांगितलं, की टायर फाटला तर माझ्याकडे यायचं नाही. इतका प्रामाणिक कारागीर आजकाल मिळत नाही.

दीपनगरच्या वीजकेंद्राकडून कोळसा वाहणारे पट्टे जुने झाल्यावर बाजारात येतात, असं कुणीतरी सांगितलं. जाड रबर, आत कापडाचे थर, गोठ्यात आणि ट्रॉलीच्या तळाला लोक ते वापरतात. ही कल्पना वाईट नव्हती. पण त्याच रबराच्या गोष्टीतून खरा उपाय निघाला, आणि तो सासूबाईंच्या हिशेबाच्या जवळ जाणारा होता: गोठ्यात गाईखाली घालायची रबरी मॅट. साडेसहा फूट बाय चार फूट, एका अंगाला खवल्यांची नक्षी, दुसऱ्या अंगाला बटणांसारखे उंचवटे. गाय घसरू नये, गुडघे सोलवटू नयेत म्हणून केलेली. चार-पाचशे किलोची गाय रोज तीवर उठते-बसते, शेणामुतात ती वर्षानुवर्षं टिकते. गाडीच्या एका चाकावर येणारं वजन त्याहून फार वेगळं नाही. मॅट आडवी कापून दोन तुकडे केले, टोकांना भोकं पाडून नाडे बांधले. अस्सल जोडीच्या तुलनेत खर्च अगदीच किरकोळ. वजन मात्र होतं. टपावर बांधली तेव्हा शेजाऱ्याने विचारलं, "गाय कुठे आहे?"

आता थोडं मातीबद्दल बोलायला हवं, कारण फळ्या ऑस्ट्रेलियात वाळूसाठी जन्मल्या आणि आमच्याकडे वाळू नदीतसुद्धा उरलेली नाही. आमची गाठ काळ्या मातीशी. लाखो वर्षं बेसाल्ट झिजून झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असतात, पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना दूर सारतं. मे महिन्यात याच शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा असतात. जुलैत तिथेच चप्पल सोडून पाय वर येतो. कपाशी आणि केळीला ती मानवते, कारण पाणी धरून ठेवते. चाकालाही ती त्याच निष्ठेने धरून ठेवते. टायरच्या खाचा पहिल्या दोन फेऱ्यांत भरून जातात आणि मग महागाचा टायर आणि गुळगुळीत टायर यांत काही फरक उरत नाही. त्यात गाडीच्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की ज्या चाकाला पकड नाही त्यालाच ते आनंदाने फिरवत बसतं. गाडी जागेवर आणि एक चाक मात्र जोरात कामाला, असं दृश्य पाहून सरकारी कचेऱ्यांची आठवण होणारे लोक आमच्याकडे बरेच आहेत.

यथावकाश गाडी रुतली. श्रावणातली दुपार, गाडवाटेवर, दोन्हीकडे कपाशी कमरेपर्यंत आलेली. मी मागच्या सीटवर भरताच्या डब्याची जबाबदारी सांभाळत होतो. डावीकडचं मागचं चाक आधी बसलं, मग गाडीचं बूड टेकलं.

पुढची दहा मिनिटं मोठी शिकण्यासारखी. आम्ही तिघंच होतो, आणि आजूबाजूला माणूस दिसत नव्हता. खान्देशात याचा अर्थ माणसं यायला दहा मिनिटं लागतील एवढाच. कपाशीच्या ओळीतून एक आजोबा उगवले, मग बांधावरून दोन पोरं, मग डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या एक काकू, ज्यांनी भारा खाली ठेवला नाही पण थांबल्या. आजोबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाकडे वाकून पाहिलं आणि ज्याचं उत्तर समोर दिसत होतं तोच प्रश्न प्रेमाने विचारला.

"गाडी फसनी का भो?"

शालकाने एक्सिलेटरवर पाय दिला. आजोबा म्हणाले, "रेस नका देऊ, आखो बुडी." जगभरचे जाणकार हेच सांगतात, फक्त इतक्या कमी शब्दांत नाही. चाक फिरवत राहिलं की ते स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. त्यापेक्षा उतरा, टायरमधली हवा कमी करा म्हणजे टायर पसरतो, बूड टेकलेलं असेल तर आधी खालची माती काढा, आणि मग फळी. आम्ही खोरं काढलं. काळ्या मातीत खोरं चालवण्याची गंमत अशी, की माती उचलता येते पण टाकता येत नाही. ती खोऱ्यालाच चिकटून परत येते. शेवटी एका पोराने काडीने खोरं खरवडायचं आणि आम्ही उकरायचं अशी वाटणी झाली.

मॅटचा तुकडा चाकाच्या पोटात जेमतेम शिरला. खवल्यांचं अंग वर. कपाशीच्या मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्या आजोबांनी बांधावरच्या ढिगातून आणून मॅटखाली रचल्या. याच काड्यांवर आमचं भरताचं वांगं भाजतात. त्या दिवशी डब्यातलं भरीत आणि चाकाखालचा आधार, दोन्ही कपाशीच्या काड्यांचंच देणं होतं. शालकाने दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी सावकाश सोडत गाडी उचलली. रबर ताणलं गेलं, काड्या कडकड मोडल्या, चाक मॅटवर चढलं. काकू म्हणाल्या, "निंघी!" गाडी मॅटभर पुढे आली, मॅट संपली आणि गाडी पुढच्या चिखलात पहिल्यापेक्षा टापटिपीने बसली.

फळ्यांच्या जाहिरातीत हा भाग नसतो. फळी संपल्यावर पुढे काय आहे ते आधी पाहायचं असतं.

एव्हाना गर्दी चांगली जमली होती आणि प्रत्येकाकडे स्वतःचा उपाय होता. एकाने केळीची पानं घालायला सांगितली. यावल-रावेरकडे ज्यांनी पावसात केळीच्या बागेत ट्रॉली नेली आहे त्यांना माहीत आहे, की केळीचं पान आणि खोड म्हणजे सगळं पाणी. त्यावर चाक गेलं की ते थेट सातपुड्याच्या दिशेने सुटतं. दुसऱ्याने मागून ढकलायचा आग्रह धरला आणि त्याचा पांढरा सदरा लवकरच आजूबाजूच्या मातीत ओळखू येईनासा झाला. कुठले, कुणाचे, शिंदखेड्याचे पाटील तुमचे कोण, अशी चौकशी सुरू झाली. भरताचा डबा उघडला गेला. कुणाच्या तरी घरून कळण्याच्या भाकरी आल्या, त्यासोबत ठेचा आला. गाडी रुतलेली आहे हे काही काळ सगळेच विसरले.

तेव्हा मला त्या नारिंगी फळ्यांच्या किमतीतला एक भाग उमगला. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात माणूस एकटा असतो. पुढचं गाव शंभर-दोनशे किलोमीटरवर, हाक मारली तर ऐकायला कांगारू. तिथे फळी म्हणजे जीव. आमच्याकडे ज्याला फळी हवी असते त्याला बऱ्याचदा माणसं नको असतात: कुठले विचारणारी, रेस देऊ नका म्हणणारी, चहाला बसवून घेणारी. हेही मी वाईट म्हणत नाही. पालच्या जंगलात किंवा तोरणमाळच्या घाटाखाली, भर पावसात, रात्री, घरातली बायकामाणसं गाडीत असताना कुणालाही असली फळी हवीशी वाटेल, आणि मलाही वाटते. पण भर शिवारात नवी कोरी फळी काढून, कुणाशी न बोलता गाडी बाहेर काढून निघून गेलेल्या माणसाबद्दल गावात जे बोललं जातं, ते मी ऐकलेलं आहे.

अखेर ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला तरुण, गॉगल लावलेला. येताच त्याने मॅटकडे तुच्छतेने पाहिलं, गाडीला साखळी लावली आणि ओढ दिली. गाडी हातभर हलली. त्याने आणखी ओढ दिली. ट्रॅक्टरचं मागचं मोठं चाक जागेवर फिरायला लागलं, काळा चिखल कारंज्यासारखा उडाला, काकूंनी या वेळी भारा खाली ठेवला. बघता बघता ट्रॅक्टर एका अंगाला कलला. शिवारात शांतता पसरली, आणि आजोबांनी ट्रॅक्टरभोवती एक सावकाश फेरी मारायला सुरुवात केली. ते काय विचारणार हे सगळ्यांना माहीत होतं. ट्रॅक्टरवाल्याने त्यांना मधेच थांबवलं.

मॅटचे दोन्ही तुकडे ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेले. ट्रॅक्टरचं चाक मोठं, खाचा खोल, त्या खाचांनी रबर असं धरलं की गाडीच्या टायरने कधी धरलं नव्हतं. ट्रॅक्टर निघाला आणि पुढे घट्ट जमिनीवर जाऊन थांबला. मग त्याच्या ओढीने आमची गाडीही निघाली. शालकाने पैसे द्यायला खिशात हात घातला. ट्रॅक्टरवाल्याने गॉगल काढून पुसला, पैसे नको म्हणाला, आणि चिखलात पडलेल्या मॅटकडे बराच वेळ पाहत राहिला.

"या पाट्या भाडानी देतस का भो?"

शालकाने दर सांगितला. तो ऐकून ट्रॅक्टरवाला म्हणाला, एवढ्यात तर तो स्वतः येऊन गाडी ओढून देतो.